‘इंजेक्शन मारून पकडा ना!’ गव्याला बेशुद्ध करणं इतकं अवघड का असतं?

गावात किंवा शहरात गवा शिरला की पुढचं सगळं जवळपास ठरलेलं असतं. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतं, अर्ध्या तासात तो सगळ्या ग्रुपवर फिरतो, तासाभरात दोनशे माणसं गोळा होतात आणि व्हिडिओखाली कमेंट्सचा पाऊस सुरू होतो. त्यात एक कमेंट हमखास असते. “वनखातं काय झोपलंय का? एक इंजेक्शन मारायचं, बेशुद्ध करायचं आणि जंगलात नेऊन सोडायचं. त्यात एवढं काय?”

ऐकायला सोपं वाटतं. सिनेमात बंदुकीचा आवाज येतो, मानेत रंगीत पिसांची सुई रुतते आणि दोन सेकंदांत प्राणी आडवा होतो. बिबट्या पकडल्याचे व्हिडिओही आपण पाहिलेले असतात. मग जे बिबट्याला जमतं ते गव्याला का नाही, हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

त्याचं उत्तर गव्याच्या पोटात आहे. गवा हा रवंथ करणारा प्राणी आहे, म्हणजे तो गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि हरणांच्या गोतावळ्यातला. रवंथ करणाऱ्या जनावराला पूर्ण भूल देणं हे पशुवैद्यकांच्या दृष्टीने कायमच जोखमीचं काम राहिलंय. गोठ्यातली शांत गाय असली तरी डॉक्टर दहा वेळा विचार करतात. मग चार तास पळवलेल्या, घाबरलेल्या, सात-आठशे किलोच्या रानटी जनावराचं काय होत असेल?

कोथरूडमध्ये काय झालं होतं?

९ डिसेंबर २०२०. पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात सकाळी फिरायला निघालेल्या लोकांना रस्त्यावर गवा दिसला. बघता बघता बातमी पसरली आणि गर्दी जमली. आरडाओरडा सुरू झाला, लोक मागे धावू लागले, त्यामुळे गवा आणखी बिथरला. तो गल्ल्यांमधून, कंपाउंडमधून वाट काढत धावत राहिला. या धावपळीत तो जखमीही झाला. काही तासांच्या पाठलागानंतर त्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन आणि दोर लावून पकडण्यात आलं. पण गवा वाचला नाही. त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला.

या घटनेनंतर राज्यभर हळहळ व्यक्त झाली. “सॉरी” म्हणणाऱ्या पोस्ट फिरल्या, व्यंगचित्रं आली. “औषधाचा डोस जास्त झाला का?” इथपासून “वनखात्याला जमत नाही” इथपर्यंत सगळं बोलून झालं. पण अशा मोहिमांत प्राणी का मरतात, या प्रश्नावर फार बोललं गेलं नाही.

हा प्रश्न एका गव्यापुरता नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापूर आणि सांगली परिसरातही गवे वस्तीत आले. राधानगरी-दाजीपूरच्या पट्ट्यात, सिंधुदुर्गात आणि गोव्यात तर गवा शेतात येणं ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. गोव्याचा तो राज्यप्राणी आहे. ज्यांच्या उसात, भातात, केळीच्या बागेत गवे उतरतात, त्या शेतकऱ्यांना त्याचं कौतुक वाटत नाही, आणि त्यांची तक्रार खोटीही नाही. त्यामुळे “पकडा आणि लांब नेऊन सोडा” ही मागणी पुन्हा पुन्हा होत राहणार. म्हणूनच ती पूर्ण करणं प्रत्यक्षात कसं असतं, हे समजून घ्यायला हवं.

त्या बंदुकीच्या सुईत असतं काय?

भारतात वन्यप्राणी पकडताना प्रामुख्याने दोन औषधांची जोडी वापरली जाते, झायलाझीन आणि केटामाईन.

झायलाझीन हे गुंगीचं औषध. जर्मनीच्या बायर कंपनीत १९६२ मध्ये ते तयार झालं. सुरुवातीला माणसांचा रक्तदाब कमी करण्यासाठी त्याचा विचार झाला होता. पण रक्तदाब आणि हृदयाचे ठोके धोकादायक पातळीपर्यंत खाली येतात आणि माणूस गुंगून पडतो असं दिसल्यावर माणसांसाठी ते बाद झालं. जनावरांच्या डॉक्टरांना मात्र ते फार उपयोगी पडलं. मेंदूला सतत ‘जागा राहा, सावध राहा’ असं सांगणारं नॉरअ‍ॅड्रेनलीन नावाचं रसायन असतं. झायलाझीन त्याचा नळ बारीक करतं. जनावर शांत होतं, स्नायू सैल पडतात आणि काही प्रमाणात वेदनाही कमी होते.

केटामाईनचं काम वेगळं. ते मेंदूचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तोडतं. डोळे उघडे असले तरी प्राण्याला आजूबाजूचं काही कळत नाही. पण एकटं केटामाईन दिलं तर स्नायू ताठ होतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून त्याला झायलाझीनची जोड देतात.

महाराष्ट्रात बिबट्यांच्या बाबतीत या जोडीचा मोठा अनुभव आहे. जुन्नर परिसरात उसातले बिबटे पकडताना ती वर्षानुवर्षं वापरली जातेय. पण बिबट्याचं वजन साधारण पन्नास-साठ किलो, पोट साधं, आणि तो बऱ्याचदा पिंजऱ्यात, विहिरीत किंवा एखाद्या खोलीत अडकलेला असतो. गव्याचा मोठा नर हजार किलोच्या घरात जाऊ शकतो. एवढ्या देहासाठी औषधही जास्त लागतं, आणि सुईत मावेल एवढ्याच औषधात काम भागवावं लागतं.

आफ्रिकेत आणि इतरत्र मोठ्या खुरांच्या प्राण्यांसाठी एटॉर्फिनसारखी औषधं वापरतात. ती मॉर्फीनच्या हजारो पट तीव्र असतात, त्यामुळे अगदी थोड्या मात्रेत आणि लवकर काम करतात. पण त्याचा थेंब चुकून माणसाच्या शरीरात गेला तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे उतारा हाताशी ठेवल्याशिवाय कुणी त्या कुपीला हात लावत नाही. ही औषधं सहज मिळत नाहीत आणि मिळू नयेत हेही बरोबरच आहे.

सुई लागली की लगेच पडतो का?

नाही. आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

डार्टमधलं औषध स्नायूत जातं, थेट रक्तात नाही. तिथून ते रक्तात आणि मग मेंदूत पोहोचायला वेळ लागतो. झायलाझीन-केटामाईनचा परिणाम दिसायला साधारण दहा ते वीस मिनिटं लागू शकतात. या काळात प्राणी शांत, सावलीत, एका जागी उभा असेल तर औषध आपलं काम नीट करतं.

पण प्राणी आधीच घाबरलेला असेल तर गणित बिघडतं. भीतीमुळे शरीरात अ‍ॅड्रेनलीनचा पूर आलेला असतो. झायलाझीन मेंदूला ‘झोप’ म्हणत असतं आणि अ‍ॅड्रेनलीन ‘पळ’ म्हणून ओरडत असतं. या ओढाताणीत बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलीन जिंकतं. नेहमीची मात्रा पुरत नाही. प्राणी अर्धवट गुंगीत धडपडत, भिंतींवर आदळत पळत राहतो. मग दुसरा डार्ट, कधी तिसरा. आणि शेवटी जेव्हा तो कोसळतो, तेव्हा भीतीचा जोर ओसरलेला असतो आणि दोन-तीन डार्टचं औषध एकदमच अंगावर येतं.

म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला “डोस जास्त झाला” असं वाटतं, पण तो जास्त का द्यावा लागला याचं उत्तर अनेकदा जमलेल्या गर्दीत असतं.

रवंथ करणाऱ्या पोटाची अडचण काय?

आता मुख्य मुद्दा. गाय, म्हैस किंवा गव्याच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गायीच्या कोठीपोटात शंभर-दीडशे लिटर माल मावतो. घरातली पाण्याची छोटी टाकीच समजा. या टाकीत गवत-चारा आंबत असतो. अब्जावधी जीवाणू चोवीस तास काम करत असतात आणि त्यातून तासाला तीस ते पन्नास लिटर वायू तयार होतो. उभी गाय ढेकर देऊन तो वायू बाहेर टाकत राहते.

आता याच गायीला पूर्ण बेशुद्ध करून कुशीवर आडवं पाडलं, तर तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात.

पहिली, पोटफुगी. भूल मिळाली म्हणून जीवाणू झोपत नाहीत. वायू तयार होत राहतो, पण ढेकर बंद होते. झायलाझीनमुळे कोठीपोटाची हालचालही थांबते. पोट फुगत जातं आणि पडद्याला पुढे रेटतं. फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही. मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं.

दुसरी, घशाशी येणारा चारा. शुद्धीत असताना रवंथासाठी चारा वर आणणं हे गायीचं रोजचं काम. पण बेशुद्धीत गिळण्याची क्रिया बंद असते. वर आलेला पातळ चारा श्वासनलिकेत शिरू शकतो. तो फुप्फुसात गेला की एक तर जनावर तिथेच गुदमरतं, नाहीतर दोन-चार दिवसांनी न्यूमोनियाने जातं.

तिसरी, लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ तयार करते. भूल दिली तरी ही लाळ थांबत नाही. डोकं चुकीच्या कोनात असेल तर तीही घशात साचते. म्हणून भूल दिलेल्या गायीची मान थोडी उंच आणि तोंड उताराला ठेवतात, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते.

याच्या जोडीला स्वतःच्याच वजनाचा त्रास असतो. सहाशे किलोचं शरीर एका कुशीवर तासभर पडून राहिलं, तर खालच्या पायाच्या नसा आणि स्नायू दबतात. जनावर शुद्धीवर येतं, पण पुढचा पाय टेकवता येत नाही.

म्हणूनच ठरवून पूर्ण भूल द्यायची असेल तर पशुवैद्यक आदल्या दिवसापासून चारा बंद करतात, काही तास पाणीही तोडतात. श्वासनलिकेत नळी घालतात. मऊ गादीवर निजवतात. कोथरूडच्या गल्लीत धावणाऱ्या गव्याला आदल्या रात्री उपाशी ठेवणं अर्थातच कुणाच्या हातात नसतं.

मग गायीची ऑपरेशन्स होतात तरी कशी?

बहुतेक वेळा गायीला उभं ठेवूनच!

शहरात मोकाट फिरणाऱ्या गायींच्या पोटातून प्लास्टिकचा ढीग काढल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या शस्त्रक्रियेत गाय सहसा खोड्यात उभी असते आणि शुद्धीत असते. डॉक्टर तिच्या पाठीच्या मणक्यांजवळून निघणाऱ्या ठरावीक नसांभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना आपल्या हिरडीत देतात, तेच. डावी कूस पूर्ण बधिर होते. गरज असेल तर अगदी थोडं गुंगीचं औषध देतात. मग कूस उघडतात, कोठीपोट उघडतात आणि हात घालून पिशव्या, दोऱ्या, खिळे बाहेर काढतात. गाय उभी असल्यामुळे पोटफुगी, घशाशी चारा येणं आणि नस दबणं हे तिन्ही धोके टळतात.

शिंगाच्या कर्करोगात शिंग काढायचं असेल तर डोळा आणि शिंग यांच्या मधल्या नसेला बधिर करतात. हा आजार आपल्याकडच्या बैलांमध्ये बराच दिसतो. अडलेल्या गायीचं वासरू सोडवायचं असेल तर शेपटीच्या मुळाशी मणक्यात इंजेक्शन देतात. खुराचं ऑपरेशन असेल तर पायाला पट्टा आवळून तेवढाच पाय बधिर करतात.

गायीच्या भूलशास्त्राचा सारांश असा आहे की शक्यतो जनावर जागं ठेवायचं आणि फक्त दुखणारा भाग बधिर करायचा. पण ही पद्धत चालते ती माणसाच्या हाताची सवय असलेल्या, खोड्यात उभ्या राहणाऱ्या गायीवर. गव्याला “जरा उभा राहा” असं कोण सांगणार?

औषध तेच, पण जनावर वेगळं

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. जनावराचा आकार पाहून गुंगीच्या औषधाची मात्रा ठरत नाही. झायलाझीनच्या बाबतीत गाय घोड्यापेक्षा सुमारे दहापट संवेदनशील असते. म्हणजे सारख्याच वजनाच्या घोड्याला जेवढं औषध लागतं, त्याच्या दहाव्या भागात गायीचं काम भागतं. घोड्याची मात्रा चुकून गायीला दिली तर ती दगावू शकते. डुकराला मात्र याच औषधाने फारसा फरक पडत नाही.

गाभण गायीच्या शेवटच्या महिन्यांत झायलाझीन टाळतात, कारण त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावून वेळेआधी वीत होण्याची भीती असते. मेंढ्यांमध्ये फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका असतो. वस्तीत शिरलेली गव्याची मादी गाभण आहे की नाही, तिचं नेमकं वजन किती, तिला आधीच काही आजार आहे का, यातलं काहीच डार्ट मारणाऱ्याला माहीत नसतं. त्याला लांबून पाहून अंदाज करावा लागतो.

झायलाझीनला उतारा असतो. योहिम्बीन, अ‍ॅटिपामेझोल अशी औषधं दिली की जनावर काही मिनिटांत उठू शकतं. केटामाईनला मात्र असा उतारा नाही. त्यामुळे उतारा कधी द्यायचा हाही अंदाजाचा भाग. घाई केली तर झायलाझीनचा असर जातो आणि केटामाईन मागे उरतं. मग प्राणी झटके देत, भेलकांडत उठतो.

ही औषधं कुणालाही सहज मिळू नयेत यामागेही कारण आहे. अमेरिकेत फेंटानिल या घातक नशेच्या पदार्थात झायलाझीन मिसळून विकलं जाऊ लागलं. तिथे झायलाझीनचा संबंध असलेले मृत्यू २०१८ मध्ये १०२ होते, ते २०२१ मध्ये ३,४६८ वर गेले. एप्रिल २०२३ मध्ये व्हाइट हाऊसने या मिश्रणाला ‘उदयोन्मुख धोका’ जाहीर केलं. भारतात केटामाईन अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येतं. म्हणजे एकीकडे हे औषध पशुवैद्यकाला वेळेवर मिळालं पाहिजे आणि दुसरीकडे ते भलत्याच हाती पडता कामा नये, अशी ही दुहेरी कसरत आहे.

पळवून पळवून प्राणी मरतो, म्हणजे नेमकं काय होतं?

पाठलागात सापडलेल्या प्राण्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण औषध नसतंच. इंग्रजीत त्याला ‘कॅप्चर मायोपथी’ म्हणतात. सोप्या मराठीत, पकडण्याच्या ताणामुळे स्नायूंची होणारी नासाडी.

हरीण, नीलगाय, गवा असे प्राणी थोडा वेळ जोरात पळून शत्रूला चकवण्यासाठी घडलेले असतात. तासन् तास पळण्यासाठी नाही. सतत धावल्यावर स्नायूंना प्राणवायू कमी पडतो आणि रक्तात आम्ल साचतं. अंगाचं तापमान भराभर वाढतं. गुंगीच्या औषधाने शरीराची तापमान राखण्याची यंत्रणाही बिघडते. स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यातून बाहेर पडणारं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं आणि स्नायूतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकून ते निकामी करतं.

काही प्राणी तिथल्या तिथे जातात. काही “यशस्वीपणे” जंगलात सोडल्यावर दोन-चार दिवसांनी, कधी कधी दोन आठवड्यांनीही मरतात. तेव्हा तिथे कॅमेरा नसतो. म्हणून सुटकेचा व्हिडिओ व्हायरल झाला म्हणजे प्राणी वाचलाच, असं धरून चालता येत नाही.

यावर खात्रीचा इलाज नाही. धावपळ होऊच न देणं हाच सगळ्यात मोठा उपाय. प्राणी खाली बसल्यावर डोळ्यांवर कापड टाकणं, कानांत बोळे घालणं, अंगावर पाणी ओतणं, त्याला कुशीवर न ठेवता छातीवर बसतं करणं, डोकं उंच धरणं आणि गोंगाट थांबवणं, हे सगळं करतात ते त्यासाठीच.

मग कान्हाच्या गव्यांना कसं नेलं?

गव्याला बेशुद्ध करताच येत नाही असं मात्र नाही. मध्य प्रदेशातल्या बांधवगडमधून नव्वदच्या दशकात गवे नाहीसे झाले होते. ते परत आणण्यासाठी जानेवारी २०११ मध्ये कान्हामधून १९ गवे पकडून बांधवगडला नेण्यात आले. पुढच्या वर्षी आणखी गवे नेले आणि एकूण संख्या पन्नासवर गेली. पुढे तिथे त्यांची पिल्लावळही वाढली.

फरक तयारीत होता. काम थंडीत झालं. दक्षिण आफ्रिकेतले अनुभवी तज्ज्ञ आणि भारतातले पशुवैद्यक सोबत होते. तीव्र पण लवकर काम करणारी औषधं आणि त्यांचे उतारे हाताशी होते. कुठला गवा निवडायचा हे बघून डार्ट मारला जात होता. गवा बसला की प्रशिक्षित पथक काही मिनिटांत पोहोचत होतं. खास वाहनं उभी होती. आणि मुख्य म्हणजे तिथे बघ्यांची गर्दी नव्हती.

तरीही जिथे शक्य असेल तिथे बेशुद्ध करणंच टाळावं, असा आता कल आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातच शाजापूर भागात शेतांतून शेकडो काळवीट हलवण्यात आले, ते हेलिकॉप्टरच्या मदतीने, नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात हळूहळू हाकत नेऊन. गुंगीचं औषध न वापरता.

कायदा काय सांगतो?

गवा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणं आणि पकडण्याचा प्रयत्न करणंही येतं. त्यामुळे जागेवरचा वनरक्षक स्वतःच्या मनाने डार्ट मारू शकत नाही. त्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आणि प्राणी मारायचा आदेश द्यायचा असेल तर तो पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, याची आधी खात्री करावी लागते.

लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण वर जे सगळं पाहिलं ते लक्षात घेतलं तर “आधी थांबा, मग ठरवा” हा नियम उगाच आलेला नाही, हे कळतं.

तेरा दिवसांनी काय वेगळं घडलं?

कोथरूडच्या घटनेला दोन आठवडेही झाले नव्हते. २२ डिसेंबर २०२० ला पुण्यातच पाषाण-बावधन भागात पुन्हा एक गवा दिसला. या वेळी मात्र यंत्रणेने आधी गर्दीला आवरलं. रस्ते अडवले. गव्याच्या मागे न लागता त्याला जंगलाकडची वाट मोकळी ठेवली. तो गवा त्या वाटेने निघून गेला. डार्ट मारावा लागला नाही.

शहर तेच होतं, महिना तोच होता आणि वनखातंही तेच होतं. फरक पडला तो माणसं किती अंतरावर उभी राहिली, याने.

अर्थात प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. गवा दाट वस्तीत अडकला, जखमी असला किंवा माणसाच्या जिवावर उठला, तर डार्टशिवाय पर्याय उरत नाही. त्यासाठी प्रत्येक वनवृत्तात प्रशिक्षित पशुवैद्यक, औषधं, उतारे, खास वाहनं आणि सराव केलेलं पथक हवं, ही मागणी योग्यच आहे आणि ती लावून धरायला हवी. राधानगरी किंवा सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याच्या पिकाची भरपाई वेळेवर मिळणं, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. कारण नुकसान सोसून कंटाळलेलं गाव गवा दिसल्यावर शांत उभं राहील, ही अपेक्षा करणं अवघड आहे.

गवा दिसला तर काय करायचं?

वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना कळवा. लांब राहा. आरडाओरडा, फटाके, दगड आणि मागे धावणं टाळा. कुत्री बांधून ठेवा. त्याच्या जाण्याची वाट अडवू नका. गवा सहसा आपणहून माणसाच्या अंगावर येत नाही, पण कोंडीत सापडला तर येतो, आणि त्याच्या धडकेत माणसं मेली आहेत. अंधार पडेपर्यंत त्याला एका जागी निवांत राहू दिलं, तर बऱ्याचदा तो आल्या वाटेने परत जातो.

आणि व्हिडिओ? तो काढायचा मोह आवरला तर उत्तम. नाही आवरला तर निदान गवा निघून जाईपर्यंत ठिकाण टाकू नका. कारण त्या पोस्टमुळे जमलेली माणसं त्याला पळवतात, आणि पळालेल्या गव्याला मारलेलं इंजेक्शन हे त्याचं शेवटचं इंजेक्शन ठरू शकतं.